बुवा, हेडफोन गळ्यात होते

बुवा, काल सकाळी मी तुला फोन लावला. भांडुपच्या बुवांच्या भजनाच्या गेल्या बारीचं रेकॉर्डिंग हाती लागलं, अगदी पखवाजासकट स्वच्छ, आणि ते मोबाईलवर येताक्षणी माझा अंगठा आपोआप तुझ्या नावावर गेला. रिंग वाजत होती तोवर मला काहीच आठवलं नाही. पलीकडून वहिनींचा आवाज आला तेव्हा आठवलं, आणि मी फोन ठेवून दिला. तुझं दहावं झालं, तेरावं झालं, शोकसभाही झाली. सगळीकडे मी हजर होतो, हात जोडून उभा होतो. तरी माझ्या अंगठ्याला तू गेल्याचं कुणी कळवलेलं नाही.

मला अजून हे खरं वाटत नाही रे. तू आजारी पडून गेला असतास तर मी रडून मोकळा झालो असतो. पण फुलं आणायला खाली उतरलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या टँकरखाली जातो, हे कसं मान्य करायचं? ते बोलावणं आलं तेव्हा मी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होतो. तसाच धावलो. दवाखान्यात कुणीतरी माझ्या हाताकडे बघून विचारलं, हे काय लागलंय. कणीक आहे म्हणालो. तेवढंच काय ते त्या दिवशी मी धड बोललो.

आपल्या जोगेश्वरीत दोन गावचे लोक एका मजल्यावर आले, दोघांचेही बाप गिरणीतले, म्हणून आपण एकत्र वाढलो. पण दोस्ती झाली ती भजनामुळे. तू पेटी ओढून गायला बसलास आणि मी पखवाज पुढ्यात घेतला, ते पुढे तसंच चालत राहिलं. तुझं लग्न झालं, माझं झालं, तू एमआयडीसीतल्या कंपनीत चिकटलास, मी बँकेत, चाळ पडून बिल्डिंग उभी राहिली. बारी मात्र सुटली नाही. ऑफिसातल्या लोकांना डबल बारी म्हणजे काय ते मला दरवर्षी नव्याने सांगावं लागायचं. एका मंचावर दोन बुवा, दोन मंडळं, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने गाण्यातूनच त्याला उत्तर द्यायचं. उत्तर देता देता समोरच्याची टोपी उडवायची. बुवाचं पोट सुटलं तर त्यावर चार ओळी, टक्कल पडलं तर त्यावर चार ओळी. देवाचं नाव घेत घेत एकमेकांचे कपडे उतरवायचे आणि मग एकत्र बसून चहा प्यायचा. तिथे झाकली मूठ ठेवावी लागते, हे तू मला कितीदा तरी सांगायचास.

आणि त्याच्याच तयारीसाठी आपलं आरेतलं चालणं. समोरच्या बुवांच्या जुन्या बाऱ्या त्या छोट्या प्लेअरवर भरायच्या आणि सकाळी दूध कॉलनीतल्या गोठ्यांकडून वर जंगलाच्या रस्त्याने चालत चालत ऐकायच्या. फोनवर ऐकायला तू तयार नव्हतास. ऐन रंगात आलेल्या गजरात बँकेचा कर्जवाला फोन करतो, म्हणायचास. प्लेअरचं बटण खिशातल्या खिशात चाचपून दाबता येतं, चार ओळी मागे जाता येतं. तू एक प्लेअर, मी एक प्लेअर, दोघांवर एकच बारी, आणि मध्येच थांबून तू मला हाताने खूण करायचास, इथे बघ, इथे तो सम चुकलाय. आरेतल्या म्हशींनी आपल्याइतकी वेडी माणसं पाहिली नसतील. भर रस्त्यात तू हवेत पेटी वाजवायचास आणि मी स्वतःच्या मांडीवर पखवाज.

मग सुरू व्हायचं आपलं भांडण. बाहेर ऐकायला हेडफोन कुठले? तू मोकळ्यांच्या बाजूचा, डोक्यावरून पट्टी आणि कानावर स्पंजची गोल गादी. मी रबराच्या बोंडांचा, कानात घट्ट बसणाऱ्या. माझं म्हणणं साधं होतं. त्या स्पंजातून घरात सगळं ऐकू येतं, पण रस्त्यावर आलं की पखवाजाचा खर्जातला धुमा वाऱ्यावर उडून जातो, डाव्या हाताचं काही म्हणजे काही कळत नाही, नुसती झांजेसारखी चकी किणकिणत राहते. मग माणूस आवाज वाढवतो आणि कानाची वाट लागते. तुझं म्हणणं असं की ती बोंडं घातली की पाऊल टाकलं तरी डोक्यात दणका बसतो, वायर शर्टाला घासली की खरखर, आणि सोबत गुणगुणायला जावं तर माठात तोंड घालून गायल्यासारखं वाटतं. "अरे, माझो आवाज माकाच आयकाक येवक नको काय?" तू म्हणायचास. मी म्हणायचो, लोकांना येतो तेवढा पुरे आहे. यावर तू चिडायचास आणि पुढचा चढ एकटाच पुढे जायचास.

पण वाद नुसता गाण्याचा नव्हता, हे मी आज कबूल करायला तयार आहे. आरेतल्या त्या वळणावर मागून बस येते ती तुला आधी कळायची, मला नाही. तू माझी बाही धरून मला गवतात ओढायचास आणि मग दहा मिनिटं शिव्या घालायचास. बाहेर पडलेल्या माणसाचा कान उघडा हवा, गाणं काय, पुन्हा ऐकता येतं, असं तू म्हणायचास. त्या बाहीसाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत. बाही उसवली म्हणून तक्रार तेवढी केली.

अंधेरीच्या स्टेशनबाहेरचं ते दुकान आठवतं? आपण तिथे एक विचित्र रिवाज पाडून ठेवला होता. हेडफोन दुकानात लावून बघायचे नाहीत. माझा मोबाईल दुकानदाराकडे गहाण, हेडफोन तुझ्या कानावर, आणि तू रिक्षांच्या गर्दीत जाऊन उभा. तिथे जे धड ऐकू येईल तेच घ्यायचे. एकदा तू बाहेरून आलास आणि म्हणालास, ह्याची डावी बाजू बंद आहे. त्याने दुसरे दिले. तेही तसेच. त्याने स्वतःच्या कानाला लावून बघितले, म्हणाला, काका, चालू आहे की. मी हसलो. म्हटलं, बुवा, आज आंघोळीचं पाणी कानात गेलंय तुझ्या. त्याने तिसरे काढून दिले. तू बाहेर गेलास, जरा जास्त वेळ उभा राहिलास, परत आलास आणि म्हणालास, हे बरोबर आहेत. पैसे देऊन निघालो. येताना तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, दुकानदारासमोर तोंडघशी पडलास म्हणून गप्प आहेस.

त्यानंतरच्या बारीत तू मला जागा बदलायला लावलीस. जन्मभर मी तुझ्या डाव्या हाताला बसलो होतो. तू म्हणालास, आता उजवीकडे बस, तुझा धुमा मला तिकडून हवाय. का, विचारलं तर उत्तर नाही. मला काय वाटावं? मला वाटलं, माझा डावा हात ढिला पडलाय आणि हा ते तोंडावर बोलत नाही. मी रुसलो. चांगला महिनाभर तुझ्याशी कामापुरतं बोललो. तू माझा रुसवा काढायला घरी आलास, फणसाची भाजी घेऊन आलास, सगळं केलंस, कारण मात्र सांगितलं नाहीस. हे भांडण आपण नीट मिटवलंच नाही. नुसतं जुनं होऊ दिलं.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं ते.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी आल्या. हेडफोन लावून रस्ता ओलांडताना प्रौढाचा मृत्यू. तुझं नावही त्यात नीट नव्हतं, पण हेडफोन होते. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर ते फिरलं, मंडळाच्या ग्रुपवर फिरलं, त्याखाली लोकांनी हात जोडले आणि मुलांना उपदेश केले. तू, जो मला बाही धरून गवतात ओढायचास, तो गाण्याच्या नादात टँकरखाली गेलास म्हणे. आणि तुझ्या घरी, सगळ्या बायकांच्या देखत, वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच त्यांना ते कानात घालायची सवय लावलीत." मी तिथेच उभा राहिलो. पोलिसांनी दिलेली तुझ्या सामानाची पिशवी माझ्याच हातात होती. ती वहिनींनी घेतली नाही. घरात नको म्हणाल्या.

मला राग आला होता, तुला खोटं कशाला सांगू. म्हणून कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेलो. तिच्याच समोर झालं ना सगळं. तिने सांगितलं की तू हेडफोन खाली गळ्यात घेतले होतेस, तिच्याशी बोललास, दूर्वा ताज्या आहेत का विचारलंस, पुडी खिशात घातलीस आणि निघालास. हेडफोन पुन्हा वर गेलेच नाहीत. टँकर गल्लीत मागे मागे येत होता आणि त्याचा भोंगा वाजत होता. मग ती म्हणाली, "बुवांनी ऐकलं, ऐकलं नाही असं नाही. थांबले. पण बघितलं ते उजवीकडं. तिकडं काही नव्हतं. आणि डाव्या अंगाला सरकले, जणू उजवीकडनंच गाडी येतीय. मी ओरडले तवर झालं होतं."

टँकर डावीकडून येत होता, बुवा. तू त्याच्यापासून दूर व्हायला म्हणून त्याच्याचकडे गेलास. मला काही उमजेना. तुझ्याइतका कानाचा पक्का माणूस, मंडपात शंभर माणसांतून कोण बेसूर झालं ते न बघता ओळखणारा, त्याला एवढा मोठा भोंगा कुठून येतोय ते कळू नये?

घरी येऊन मी ती पिशवी उघडली. तुझ्या हेडफोनची पट्टी मोडली होती, प्लेअरला मात्र ओरखडाही नव्हता. तू शेवटचं काय ऐकत होतास ते बघावं म्हणून माझी बोंडं त्याला लावली. डाव्या कानात काही नाही. मला वाटलं वायर गेली. दुसरी लावली, तेच. तीच वायर माझ्या फोनला लावली तर दोन्ही बाजू चालू. अक्षता, माझी मुलगी, कॉलेजातून आली होती. तिने प्लेअर हातात घेतला, दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाली, बाबा, हे बिघडलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम केलंय. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून सगळा उजवीकडे वळवलाय. मी विचारलं, असं कोण करतं? ती अगदी सहज म्हणाली, "ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं ते."

मी पलंगावर बसलो. अक्षताने पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. मला ते दुकान दिसायला लागलं. तू तिथे उभा, रिक्षांच्या मध्ये, तिसरे हेडफोन कानावर, आणि तुला त्या क्षणी कळतंय की बिघडलंय ते हेडफोनमध्ये नाही. आणि मी आत काउंटरला टेकून हसतोय. तू परत येऊन म्हणालास, हे बरोबर आहेत. एवढं तू एकट्याने गिळलंस आणि वर माझ्यासोबत वडापाव खाल्लास.

अक्षताने मला एक समजावलं. एका कानाने आवाज कळतो, बाजू कळत नाही. सगळं जग चांगल्या कानाकडूनच येतंय असं वाटतं. म्हणून तू उजवीकडे बघितलंस. म्हणून डावीकडे सरकलास.

दोन दिवस मी हे घेऊन फिरलो. वहिनींना सांगावं तर तू त्यांच्यापासून लपवलंस हे त्यांना कळणार. न सांगावं तर हेडफोन आणि मी, आम्ही दोघे तुझे मारेकरी. शेवटी गेलो. आत पाहुणे होते. वहिनी बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, वहिनी, हेडफोन कानात नव्हते, गळ्यात होते. त्यांनी ताट खाली ठेवलं, उठून आतलं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"मला ठाऊक आहे, भावोजी," त्या म्हणाल्या.

त्यांना सगळंच ठाऊक होतं. तुला ताप आला होता त्यानंतर डावा कान गेला, तो परत आलाच नाही. त्यांनीच तुला डॉक्टरकडे नेलं होतं, थेट बोरिवलीला, इकडे ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं. तू म्हणालास, कानात मशीन घालून मंचावर बसलो तर भांडुपचा बुवा पहिल्याच गजराला माझं भजन करून टाकील. हसत म्हणालास म्हणे. आणि घरी येऊन खिडकीशी बसून राहिलास. त्यानंतर वहिनी कायम तुझ्या उजव्या हाताला झोपल्या, उजव्या हाताला चालल्या, देवळातही उजव्या हाताला उभ्या राहिल्या. मला इतकी वर्षं वाटत होतं, ही नवराबायकोची माया.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना सांभाळून वाजवलं असतंत. ते त्यांना नको होतं."

खरं आहे, बुवा. सांभाळून वाजवलं असतं.

मग त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आज लोक हळहळतायत. गाणं ऐकता ऐकता गेला म्हणतायत. उद्या बहिरा बुवा म्हणून हसतील, त्यावर ओळी रचतील. हेडफोननेच गेले म्हणू देत, भावोजी. मी त्या दिवशी बायकांसमोर बोलले ते त्यासाठीच. तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागतंय ते मला दिसतंय. पण हे मी दुसऱ्या कुणाकडे मागू?"

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. चहा घेतला आणि जिना उतरलो. रागावलो होतो तुझ्यावर. तुझी झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून मी का उघडा पडू, असं अगदी मनात आलं. मग तू फणसाची भाजी घेऊन माझ्या दारात उभा होतास ते आठवलं. कारण सांगता येत नव्हतं म्हणून डबा पुढे केला होतास. मी तो घेताना तुझ्याकडे बघितलंही नव्हतं.

परवा शोकसभा झाली, देवळाच्या हॉलमध्ये. सगळी मंडळं आली होती, कुर्ल्यापासून दहिसरपर्यंतची. भांडुपचे बुवा बोलायला उभे राहिले. ज्यांनी जन्मभर तुझी टोपी उडवली त्यांनी आपलीच टोपी काढून हातात घेतली. तुझ्यासारखा कान पुन्हा होणे नाही, म्हणाले, आणि ढसाढसा रडले. मी वहिनींकडे बघितलं. त्या पहिल्या रांगेत होत्या, मान खाली. मग ते डोळे पुसून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "कोणी दिल्यान रे ते हेडफोन ह्याका?"

निम्मा हॉल माझ्याकडे बघत होता.

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी दिले. कानात घट्ट बसणारे. तो मोकळेच मागत होता, बाहेर कान उघडा हवा म्हणत होता. मीच त्याचं ऐकलं नाही."

कुणीतरी मागून शिवी घातली, हळू, पण ऐकू आली. माझा धाकटा भाऊ उठून बाहेर निघून गेला. वहिनींनी तेवढी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. बायका त्यांना धरायला धावल्या. मी खाली बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

खरं काय ते बाकी कुणाला सांगणार नाही. भांडुपचे बुवा आता माझ्याशी बोलत नाहीत, मंडळातले दोघेतिघे तोंड फिरवतात, ते मी सोसेन. पण एक मला सोसत नाही आणि ते तुलाच सांगायचं आहे. जगापासून लपवलंस ते ठीक, माझ्यापासून का रे लपवलंस? मी नसतं कुणाला सांगितलं. मी नसतं सांभाळूनही वाजवलं, शिकलो असतो तेवढं. फक्त रस्त्यावर तुझ्या डाव्या बाजूने चाललो असतो.